सहाध्यायी : एका जपानी चित्रकथेचा परिचय

पुस्तक लपवून वाचण्याची परंपरा आमच्या घरांत जुनी आहे. माझ्या थोरल्या बंधूंनीं विद्यार्थिदशेंत कादंबऱ्या वाचल्या त्या बीजगणिताच्या पुस्तकाआड धरून. त्यांच्या चिरंजीवांनीं रहस्यकथा वाचल्या त्या उशीच्या अभ्ऱ्यांत दडवून. आणि मी स्वतः कोठीच्या खोलींत बसून काय काय वाचलें, तें सत्तरी उलटल्यावरहि सांगण्याचें धैर्य मला नाहीं. त्यामुळें गेल्या मे महिन्यांत एके दुपारीं मी खोलींत पाऊल टाकतांच भाच्याच्या अकरावींतल्या मुलीनें एक लहानसें पुस्तक पांघरुणाखालीं सारलें, तेव्हां मला राग आला नाहीं. उलट कुलपरंपरा अखंड चालू आहे असें पाहून थोडें समाधानच वाटलें.

"आत्याआजी, तें नुसतें चित्रांचें पुस्तक आहे. तुला नाहीं आवडायचें," ती म्हणाली.

अमुक पुस्तक तुम्हांला आवडणार नाहीं असें कोणी म्हटलें, कीं तें हातीं घेतल्यावांचून चैन पडूं नये, ही शिक्षकाची जित्याची खोड. चौतीस वर्षें मुलें शिकवून मी निवृत्त झालें, तरी ती गेलेली नाहीं. मीं पुस्तक मागून घेतलें. नाकामुरा आसुमिको या जपानी लेखिकेची ती चित्रकथा; नांव 'दोक्यूसेई'. या शब्दाचा अर्थ एका वर्गांत शिकणारे, आपल्या जुन्या भाषेंत सहाध्यायी. दिवाणखान्यांत मी तें उघडून बसलें, तेव्हां वहिनी माझ्या शेजारीं येऊन कांहीं वेळ न्याहाळीत राहिल्या आणि शेवटीं न राहवून म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही पुस्तक शेवटाकडून कां वाचतां?" जपानी पुस्तकें उजवीकडून डावीकडे उलगडतात, आणि चित्रकथांच्या इंग्रजी भाषांतरांतहि बहुधा तोच क्रम ठेवतात, हें मीं त्यांना समजावून सांगितलें. "म्हणजे उर्दूसारखें," असें म्हणून त्यांनीं आपली जपमाळ पुढें चालू केली.

विषय कोणता, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. एका वर्गांतल्या दोन मुलगे विद्यार्थ्यांचें एकमेकांवर प्रेम बसतें, आणि शाळा संपण्याचा दिवस जवळ येत जातो. एवढाच हा विषय आहे. हें वाचून कांहीं वाचकभगिनी मासिक मिटूं पाहतील. त्यांना माझी विनंति अशी, कीं चार पानें धीर धरावा. मलाहि तो धरावा लागला.

कथानक

विद्यालय केवळ मुलग्यांचें. वर्गांवर्गांमधील समूहगायनाची स्पर्धा जवळ आलेली असून तालीम चालू आहे. कुसाकाबे हिकारु हा एका वाद्यवृंदांत गिटार वाजविणारा, मोकळ्या स्वभावाचा, अभ्यासाकडे बेताचेंच लक्ष असलेला मुलगा. त्याच्या ध्यानांत येतें, कीं वर्गांतला चष्मेवाला हुशार विद्यार्थी साजो रिहितो गात नाहीं. या साजोविषयीं शाळेंत अशी वदंता आहे, कीं प्रवेशपरीक्षेंत त्याला सर्व विषयांत पैकीच्या पैकी गुण होते. साहजिकच कुसाकाबेची समजूत होते, कीं या बुद्धिमान प्राण्याला आमचें गाणें म्हणजे पोरखेळ वाटत असावा. पुढें शाळा सुटल्यावर एके दिवशीं रिकाम्या वर्गांत त्याला तोच साजो एकटा, चांचरत, तेंच गाणें बसविण्याचा प्रयत्न करीत असलेला आढळतो. तुच्छतेनें नव्हे, तर येत नाहीं म्हणून तो गात नव्हता.

"मी शिकवूं का?" या एका प्रश्नापासून सारी कथा सुरू होते. रोज शाळा सुटल्यावर दोघे तालीम करतात. उन्हाळ्याचे दिवस आहेत. आणि एका संध्याकाळीं, जें दोघांनाहि आधीं कळलेलें नव्हतें तें, एका लहानशा चुंबनानें कळतें. पुढें पानेंच्या पानें दोघेहि भांबावलेले आहेत. कुसाकाबे बोलून मोकळा होतो. साजोला बोलतां येत नाहीं, तो लाजतो, पळतो, पुन्हां येतो. हें झाल्यावर जगाचा कोप, घरून हकालपट्टी, विष किंवा विहीर, असें कांहीं होईल म्हणून मी जीव मुठींत धरून वाचीत होतें. तसें कांहींच झालें नाहीं. ऋतु बदलले. उन्हाळ्यामागून शरद आला, मग हिंवाळा, आणि पुन्हां दुसरा उन्हाळा. पुस्तकाचे भागहि ऋतूंच्याच नांवांचे आहेत. दरम्यान दोन मुलें एकमेकांशीं बोलावयास शिकलीं, इतकेंच.

खरा पेंच पुढें येतो, आणि तो आपल्या प्रत्येक घरांतील दहावी-बारावीच्या पालकांस पाठ असलेला आहे. शाळेनंतर काय? साजोला दूर क्योटोच्या विद्यापीठांत जावयाचें आहे. कुसाकाबेला महाविद्यालयाची ओढ नाहीं, त्याला गाण्यावरच पोट भरावयाचें आहे. टोकियो ते क्योटो हें अंतर लोहमार्गानें सुमारें पांचशें किलोमीटरांचें. वेगवान शिन्कान्सेन गाडीला सव्वादोन तास पुरतात. परंतु अठरा वर्षांच्या मुलाला हें अंतर किलोमीटरांत मोजतां येत नाहीं. 'हें तूं मला आधीं कां नाहीं सांगितलेंस?' हा कुसाकाबेचा दुखावलेपणा वाचतांना मला हंसूं आलें नाहीं. आणि असल्या कथा वाचतांना मला सहसा हंसूं येतें.

पहिलें पुस्तक २००८ सालीं निघालें. त्यापुढील 'सोत्सुग्योसेई', म्हणजे शाळा पुरी करून निघालेले विद्यार्थी, या नांवाचे दोन भाग, एक हिंवाळ्याचा व एक वसंताचा, २०१० मध्यें प्रसिद्ध झाले. पहिल्या पुस्तकावर सुमारें एका तासाचा चित्रपट २० फेब्रुवारी २०१६ रोजीं जपानांत प्रदर्शित झाला. दिग्दर्शन नाकामुरा शोको यांचें, आणि संगीत ओशियो कोतारो या गिटारवादकाचें. गिटार वाजविणाऱ्या मुलाच्या कथेला गिटारवादकाचेंच संगीत लाभावें, हें उचितच झालें.

चित्रांची भाषा

चित्रकथा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें गडद रंग आणि धांवपळ येते. या पुस्तकांत रंग नाहींत. पांढरें आणि काळें, बस्स. रेषा बारीक, कांहीं ठिकाणीं तर इतकी बारीक कीं ती कागदावर आहे कीं नाहीं अशी शंका यावी. मुलांच्या माना लांब, बोटें लांब, हातपाय वाढत्या वयांतल्या मुलांचे असतात तसे अंगाला न मावणारे. मोकळी जागा भरपूर. आपल्याकडे रांगोळी काढणारी चांगली हाताची स्त्री ठिपक्यांमधील जमीन मोकळी सोडते आणि त्या मोकळ्या जमिनीमुळेंच रांगोळी खुलते, तसा हा प्रकार आहे. लेखिका भावना शब्दांनीं सांगत नाहीं. एका चौकटींत केवळ चष्मा, दुसरींत शर्टाची बाही, तिसरींत कांहींच नाहीं, आणि वाचणाऱ्याला कळतें.

आणखी एक गंमत माझ्या नातीनें दाखविली. जपानी चित्रकथांतून आवाजांचे शब्द चित्रांतच लिहिलेले असतात. हृदयाच्या धडधडीला 'दोकी दोकी' असा शब्द आहे. आणि कांहींच आवाज नसेल, तर त्या निःशब्दतेलाहि एक शब्द आहे, 'शीऽन'. शांततेला आवाज कसा, असें मी तिला विचारलें. ती म्हणाली, "आणि आपली 'किर्र' शांतता?" मला उत्तर सुचलें नाहीं. चौतीस वर्षें मराठी शिकविलें, आणि 'किर्र' हा शांततेचा आवाज आहे, हें कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

ही रीत कोठून आली

हें एकच पुस्तक नाहीं. जपानांत या प्रकारच्या चित्रकथांची पन्नास वर्षांहून मोठी परंपरा आहे, आणि तिचा इतिहास स्त्रियांनीं घडविलेला आहे. शोवा शकाच्या चोविसाव्या वर्षाच्या, म्हणजे इ. स. १९४९ च्या आसपास जन्मलेल्या कांहीं तरुण लेखिका १९७० च्या सुमारास चित्रकथांच्या क्षेत्रांत आल्या. जन्मवर्षावरून त्यांस 'चोवीस सालचा गट' असें नांव पडलें. त्यांपैकीं ताकेमिया केइको आणि हागिओ मोतो या दोघी टोकियोंतील ओइझुमी भागांत एका लहानशा घरांत एकत्र राहत. तेथें इतर होतकरू लेखिका जमत, एकमेकींचीं चित्रें पुरीं करून देत, परदेशी कादंबऱ्या व चित्रपट यांवर रात्ररात्र बोलत. तोंवर मुलींसाठीं असलेल्या चित्रकथा बहुतांशीं पुरुषांनींच काढलेल्या किंवा पुरुष संपादकांच्या कल्पनेनें चाललेल्या असत. या मुलींनीं तो सांचा मोडला.

ताकेमियांची दोन मुलग्यांच्या प्रेमाची पहिली कथा १९७० च्या अखेरीस छापली गेली. हागिओंची 'तोमा नो शिन्झो', म्हणजे तोमाचें हृदय, १९७४ मध्यें आली. तिचें स्थळ जर्मनींतील एक वसतिगृह. १९७६ ते १९८४ पर्यंत क्रमशः चाललेली ताकेमियांची प्रचंड कथा 'काझे तो कि नो उता' ही दक्षिण फ्रान्सच्या एका विद्यालयांत घडते. स्थळ परकें ठेवलें, कारण परक्या देशांत कांहींहि घडूं शकतें. आणि शेवट दुःखाचा. हागिओंच्या कथेचा आरंभच एका मुलाच्या मृत्यूनें होतो. ताकेमियांच्या कथेंत नायकांपैकीं एक अखेरीस प्राणास मुकतो. समाजाला अमान्य असलेलें प्रेम कथेंत आणावयाचें, तर त्याची किंमत कोणाच्या तरी प्राणानें चुकती करावी लागे. आपल्याकडील विधवाविवाहाच्या जुन्या कथा ज्यांनीं वाचल्या असतील, त्यांना हा हिशेब अपरिचित वाटणार नाहीं.

स्त्रियांनीं मुलग्यांच्याच प्रेमाची कथा कां लिहावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल, मलाहि पडला. याचें एक उत्तर असें दिलें जातें, कीं मुलगा आणि मुलगी यांची कथा लिहूं गेलें म्हणजे कोणीं पुढें व्हावें, कोणीं वाट पाहावी, कोणीं घर सोडून कोणाच्या घरीं जावें, हें सारें आधींच ठरलेलें असतें. दोघेहि मुलगे असले, कीं प्रेमांत दोघे समान पायरीवर उभे राहतात. वाचणाऱ्या मुलीला क्षणभर तरी त्या पायरीवर उभें राहून पाहतां येतें. या उत्तरांत तथ्य आहे असें मला वाटतें. सुनेच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या कोणत्याहि स्त्रीस तें पटेल.

परंतु या परंपरेवर एक आक्षेपहि घेण्यांत आला, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. १९९२ मध्यें एका समलिंगी पुरुषानें जपानी स्त्रियांच्या एका छोट्या पत्रिकेंतून असें विचारलें, कीं आमच्या जीवनावर तुम्ही मन रमवितां, परंतु आमचें खरें दुःख, आमचा खरा चेहरा तुमच्या कथांत कोठें आहे? या प्रश्नावर पुढें कित्येक वर्षें वाद झाला. नाकामुरांचें पुस्तक वाचतांना मला वाटलें, कीं त्या वादाचें थोडें तरी पाणी या मुळांपर्यंत पोंचलें असावें. येथें परदेश नाहीं, सरदारपुत्र नाहींत, मरण नाहीं. जपानचीच रोजची शाळा, रोजची आगगाडी, परीक्षेची धास्ती आहे. आणि हारा नांवाचे संगीताचे एक शिक्षक आहेत, जे स्वतः पुरुषांकडे ओढले जाणारे आहेत, साजोविषयीं ज्यांच्या मनांत आकर्षण आहे, आणि तरी शेवटीं जे आपली पायरी ओळखून मागें सरतात. या शिक्षकाकडे मी पुन्हां येणार आहें.

वसंतांतला निरोप

या कथेची धार कळण्यास जपानी शाळेचें पंचांग ठाऊक असलें पाहिजे. तेथें शैक्षणिक वर्ष एप्रिलांत सुरू होऊन मार्चांत संपतें. जानेवारींत विद्यापीठप्रवेशाची देशव्यापी परीक्षा. फेब्रुवारीच्या अखेरीस राष्ट्रीय विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा. मार्चांत निकाल, आणि त्याच महिन्यांत शाळेचा निरोपसमारंभ. म्हणजे ज्या दिवसांत साकुराच्या कळ्या फुगूं लागतात, त्याच दिवसांत तीन वर्षें एका बाकावर बसलेलीं मुलें कायमचीं पांगतात. आपल्याकडे शाळेचा निरोप होतो तो परीक्षेच्या आधीं, उन्हाच्या झळा लागूं लागल्यावर. फुलें असतात तीं फक्त हारांतलीं. त्यांच्याकडे निरोप आणि बहर एकदमच येतात.

पुष्कळ जपानी शाळांतून मुलांचा गणवेश उंच कॉलरचा काळा कोट असे, आणि कांहीं ठिकाणीं अजून आहे. निरोपाच्या दिवशीं या कोटाचें वरून दुसरें बटण तोडून आवडत्या व्यक्तीस देण्याची तेथें एक प्रथा आहे. दुसरेंच कां, तर तें हृदयाला सर्वांत जवळचें, असें सांगतात. त्या दिवशीं घरीं आलेल्या मुलाच्या कोटाला दुसरें बटण नसलें, तर आईनें काय समजावयाचें तें समजावें, आणि बहुधा विचारूं नये. ही प्रथा मला फार आवडली. कांहीं गोष्टी घरच्यांना कळाव्यात परंतु बोलल्या जाऊं नयेत, याची इतकी सुंदर सोय आपल्याकडे नाहीं.

एक चिठ्ठी

आतां जें सांगावयाचें आहे, तें या पुस्तकाशीं संबंध नसतां तर मीं कधींच लिहिलें नसतें.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत दहावीची वर्गशिक्षिका होतें. फेब्रुवारी महिना होता; परीक्षेस थोडेच दिवस राहिले होते. निबंधाच्या वह्या तपासतांना एका वहींतून घडी केलेली एक चिठ्ठी पडली. एका मुलानें दुसऱ्या मुलास लिहिलेली. त्यांत एकहि वावगा शब्द नव्हता. परीक्षा झाल्यावर आपणांस काकांकडे दुसऱ्या शहरीं पाठविणार आहेत, तेथें तुझ्यावांचून दिवस कसा जाईल हें कळत नाहीं, दर आठवड्यास पत्र पाठवशील का, आणि माझें पत्र आल्यावर तें दुसऱ्या कोणास दाखवूं नकोस, इतकाच मजकूर. अक्षर सुंदर होतें. खालीं नांव नव्हतें, पण अक्षर ओळखणें हें तर माझें कामच.

ती मीं शिक्षकांच्या खोलींत मोठ्यानें वाचून दाखविली. हंसें पिकलें. मग कोणीतरी म्हणालें, कीं हें वेळींच घरीं कळविलेलें बरें. मीं मुलाच्या वडिलांस बोलावून घेतलें आणि चिठ्ठी त्यांच्या हातीं ठेवली. ते सभ्य गृहस्थ होते. आवाज न चढवितां त्यांनीं आभार मानले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेंत आला नाहीं. त्यानें परीक्षा दुसऱ्या गांवाहून दिली असें ऐकलें. पुढें त्याचें नांवहि ऐकूं आलें नाहीं. दुसरा मुलगा निरोपसमारंभाला आला. पहिल्या रांगेंत बसला, पेढा घेतला, मला वांकून नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलें नाहीं.

मीं कोणासहि मारलें नाहीं, रागें भरलें नाहीं. शिस्तीच्या दृष्टीनें माझें वर्तन त्या वेळीं सर्वांना योग्यच वाटलें, मलाहि वाटलें. मीं केवळ एक चिठ्ठी वाचली, आणि ती ज्याच्यासाठीं होती तो सोडून इतर सर्वांना ऐकविली. 'दोक्यूसेई'मधील हारा हे कांहीं आदर्श गुरुजी नव्हेत; त्यांची वृत्ति कित्येक वेळां शिक्षकपदास न शोभणारी आहे, आणि पालकांनीं त्याविषयीं मुलांशीं बोलावें असें मी म्हणेन. तथापि जे माझ्या हातून झालें, तें त्या दुबळ्या माणसाच्या हातून होत नाहीं. तो त्या मुलांना हंसण्याचा विषय करीत नाहीं. पुस्तक मिटल्यावर माझ्या मनांत राहिलें तें हें.

आपल्या घरांत

रात्रीं जेवणें झाल्यावर भाच्यानें मला बाजूला घेऊन विचारलें, "आत्या, हें तिला वाचूं द्यावें का?" त्याला मीं जें सांगितलें तेंच येथें सांगतें. पहिल्या पुस्तकांत चुंबनापलीकडे कांहीं नाहीं. कोणत्याहि हिंदी चित्रपटाहून तें सोज्ज्वळ आहे. पुढील भागांतून मात्र मुलें वयानें वाढतात व कथाहि मोठ्यांची होते. ते आधीं पालकांनीं वाचावेत आणि मुलांचें वय पाहून ठरवावें. लपवून वाचण्यापेक्षां दिवाणखान्यांत वाचलेलें बरें, कारण दिवाणखान्यांत प्रश्न विचारतां येतात.

त्याचा दुसरा प्रश्न असा, कीं असलीं पुस्तकें वाचून मुलें 'तशीं' होत नाहींत ना? याचें उत्तर वैद्यकानें दिलेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी ओढ ही रोगांच्या यादींतून वगळली. पुस्तक वाचून ती जडत नाहीं, आणि पुस्तक जाळून ती जात नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत हें सांगण्याचें धैर्य त्याहून पुष्कळ आधीं प्रा. र. धों. कर्वे यांनीं दाखविलें होतें. त्यांचें 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललें. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ सालीं खटला झाला, आणि त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्यांत कर्वे हरले, दंड झाला. ज्या वर्गासाठीं ते लिहीत होते त्या आपल्या सुशिक्षित वर्गानें त्यांना किती साथ दिली, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.

कायद्याची गोष्टहि येथें सांगून ठेवावी. पुष्कळांना वाटतें, कीं हा सारा अलीकडचा परदेशी वारा आहे. वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. जपानांत इहारा साइकाकु या श्रेष्ठ लेखकानें पुरुषांमधील प्रेमाच्या कथांचा संग्रह १६८७ सालीं छापला होता. आणि १८८२ पासून अमलांत आलेल्या त्यांच्या दंडसंहितेंत या प्रेमाला अपराध मानणारें कलम नव्हतें. आपल्याकडे तें कलम, ३७७ वें, इंग्रज सरकारनें १८६० च्या दंडसंहितेंत घातलें, आणि प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें तें सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द केलें. म्हणजे मीं ती चिठ्ठी वाचली, तेव्हां तीं दोन मुलें मोठीं होऊन ज्या जगांत जाणार होतीं, त्या जगांत त्यांच्या प्रेमावर फौजदारी कलमाची सांवली होती. विवाहाचा प्रश्न निराळा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें असा विवाह मान्य करणें हें संसदेचें काम असल्याचें म्हटलें. जपानांत टोकियोच्या शिबुया विभागानें २०१५ मध्यें अशा जोडप्यांना दाखले देण्यास आरंभ केला, आणि मार्च २०२१ मध्यें साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयानें विवाह नाकारणें घटनेच्या समतेच्या तत्त्वाशीं विसंगत असल्याचा निर्णय दिला. न्यायालयांचा मार्ग लांबचा आहे. आणि सोळा वर्षांच्या मुलाचें न्यायालय म्हणजे त्याचें घर.

मराठींत हा विषय अस्पृष्ट राहिलेला नाहीं. तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट' हें नाटक १९८१ मध्यें रंगभूमीवर आलें; सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्यें प्रसिद्ध झाली. दोन्ही कृति मोलाच्या आहेत, आणि दोन्हींत वेदना मोठी आहे. जिथें कोणी उद्ध्वस्त होत नाहीं, दोन मुलें नुसतीं गाणें बसवितात, भांडतात, परीक्षेला बसतात आणि एकमेकांस धरून ठेवतात, अशी शाळकरी वयाची साधी गोष्ट मात्र माझ्या वाचनांत प्रथम या जपानी पुस्तकानें आणली. दुःखांत शेवट झाला, कीं वाचणाऱ्याला हळहळून मोकळें होतां येतें. येथें तशी मोकळीक नाहीं. या मुलांचें बरें झालें, तर मग त्या मुलांचें कां होऊं नये, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरहि समोर उभा राहतो.

एकत्र कुटुंबाविषयीं अशी एक समजूत आहे, कीं माणसें जितकीं अधिक तितका अशा मुलाचा कोंडमारा अधिक. तें खरें आहे. परंतु त्याची दुसरी बाजूहि आहे. माणसें अधिक असलीं, तर त्यांतलें एखादें तरी ऐकून घेणारें निघण्याचा संभवहि अधिक असतो. बापाशीं बोलतां येत नाहीं तें काकाशीं बोलतां येतें. आईला सांगवत नाहीं तें आजीला सांगवतें. तें एक माणूस आपण व्हावें, इतकेंच प्रत्येकानें मनाशीं ठरविलें तरी पुरे आहे. त्यासाठीं आधुनिक विचारांचीं पुस्तकें वाचलींच पाहिजेत असें नाहीं. आमच्या वहिनी कांहीं वाचीत नाहींत. मीं त्यांना जपमाळ ओढून झाल्यावर सारी कथा सांगितली, तेव्हां त्यांनीं एकच विचारलें, "मग तो परीक्षेला गेला तिकडे त्याची आबाळ नाहीं ना झाली?"

पुस्तक आतां दिवाणखान्यांतल्या कपाटांत असतें. पांघरुणाखालून तें बाहेर आलें आहे, आणि तेथें आतां दुसरें कोणतें तरी गेलें असेल. त्याची चौकशी मीं केलेली नाहीं.

वाचकांना जातां जातां एकच सांगणें आहे. घरांतल्या एखाद्या मुलाच्या वहींतून कधीं घडी केलेला कागद खालीं पडला, तर तो उघडूं नये. उघडला गेलाच, तर घडी होती तशी घालून, तो होता त्या पानांत परत ठेवावा. आणि रात्रीं पानें मांडलीं म्हणजे त्या मुलाला नेहमींच्याच आवाजांत जेवावयास हांक मारावी.